कॅलरिक चाचणी एका ओळीत उरकू नका

चक्करच्या तपासण्यांवरच्या लेखात कॅलरिक चाचणीला 'जुनी' म्हणून एका वाक्यात निकालात काढलंय, ते पटलं नाही. कानात 30 आणि 44 अंश सेल्सिअसचं पाणी सोडून डोळ्यांची हालचाल बघतात. गरगरतं, नकोसं होतं, खरंय. पण एकेका कानाचा तोल स्वतंत्रपणे कळतो. व्हिडिओ हेड इम्पल्समध्ये (डोकं झटकन वळवून कॅमेऱ्याने डोळ्यांची हालचाल टिपायची चाचणी) दोन्ही कानांतल्या मिळून तोल सांभाळणाऱ्या सहाही अर्धवर्तुळाकार नलिका तपासता येतात, तरी मेनिएरच्या (आतल्या कानाचा, चक्कर आणणारा आजार) रुग्णांत कित्येकदा ही चाचणी नॉर्मल येते आणि कॅलरिकमध्ये दोष सापडतो. मग एक सोडून दुसरी कशी चालेल?

कूस बदलताना काही सेकंदच चक्कर येत असेल तर आधी डिक्स-हॉलपाइक (डोकं वळवून झटकन आडवं करून डोळे बघायची चाचणी) करा की, साधा पलंग पुरतो! चक्करच्या गोळ्यांनी चाचण्यांचा निकाल बदलू शकतो. त्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांनाच विचारा.