'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' हे कारण नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे आणि निम्मी बरोबर आहे. 'टीमला प्रश्न सोडवायला शिकवता येतं' असं मागच्या लेखात मांडलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : नाशिकच्या अंबडमधल्या तुमच्या कारखान्यात क्वालिटी सर्कल (दोष सोडवायला एकत्र बसणारा कामगारांचा गट) आहे, मुळापर्यंत जायला 'पाच वेळा का' विचारणं आहे, भिंतीवर कारणं मांडायचा माशाचा सांगाडाही आहे, पण प्रत्येक कागदाच्या तळाशी कारण 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' आणि उपाय 'समज दिली'. डोकं चालवणं अंगातच असावं लागतं. आणि डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना का-का करत बसायला वेळ कुणाला?

कागदांबद्दल वाद नाही. 'अंगात असावं लागतं' हे मात्र पटत नाही. दिंडोरी-निफाडकडून येणारा ऑपरेटर वावरातली मोटार पाणी ओढेना झाली की आधी तिन्ही फेज बघतो, मग स्टार्टर, मग फूट व्हॉल्व्हने पाणी सोडलंय का ते. एकेक शक्यता बाद करत जातो. गेटच्या आत तो असं करत नाही, कारण इथे उत्तर साहेबांनी आधीच ठरवलेलं असतं.

एक नमुना बघू. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, ८० मिमीचा बोअर (आतलं गोल भोक), मर्यादा शून्य ते अधिक ३० मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग). मशीनवर ऑपरेटरला माप मिळतं अधिक १५, म्हणजे अगदी मध्यावर. दुसऱ्या दिवशी क्वालिटीच्या एसी खोलीत तोच बोअर शून्याच्याही खाली, उणे २२ मायक्रॉन भरतो. मग का-का सुरू होतं. बोअर लहान का? ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, चुकला. का चुकला? मोजलं नीट नाही. का? लक्ष नव्हतं. तिसऱ्याच पायरीवर माणूस सापडला, कागद भरला.

घोळ दुसऱ्या पायरीवर झाला. 'मोजलं नीट नाही' हा अंदाज होता आणि 'कशावरून?' असं कुणी विचारलं नाही. तुमच्या मीटिंगमध्ये एकच बदल करायचा तर हा करा : प्रत्येक 'का'च्या उत्तरामागे एक 'कशावरून'. आणि 'का'च्या आधी दोष कुठे आहे आणि कुठे नाही, याचे दोन रकाने भरा. कोणतं मशीन, कोणती पाळी, कितवा भाग. इथे दुसऱ्या रकान्यात असं काही निघू शकतं : चहाच्या सुट्टीआधी उतरवून सुट्टीनंतर मोजलेले भाग बरोबर आहेत. माणूस तोच, गेज तोच, फक्त भाग थंड झाला होता.

आता हिशोब जुळतो. अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन फुगतं. मास्टर रिंग, म्हणजे गेज जिच्यावर लावून घेतात ती कडी, क्वालिटीच्या खोलीतली, २० अंशांची. मशीनवरून उतरलेला भाग ४० अंशांचा. ८० मिमीवर फरक पडतो ३७ मायक्रॉन, म्हणजे अख्ख्या मर्यादेपेक्षा जास्त. खात्री करायला पाच भागांवर मार्करने नंबर टाका, उतरल्या उतरल्या मोजा, पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा मोजा. फरक दिसला तर कारण सिद्ध, नाही दिसला तर ते खोडून पुढे. उपाय म्हणून गरम मापाची वेगळी मर्यादा मशीनवर लावता येते. पण नाशिकच्या डिसेंबरात सकाळी कूलंट (कापताना भागावर सोडलेलं द्रव) गार असतं, तेव्हा ती पुन्हा पडताळावी लागते. नाहीतर हाच दोष हिवाळ्यात उलट्या बाजूने येतो.

गाडीचं म्हणाल, तर ती थांबवायची नाहीच. संशयित लॉटवर लाल टॅग, थंड भागांची शंभर टक्के तपासणी, चांगला माल रवाना. ग्राहकाच्या आठ पायऱ्यांच्या रिपोर्टमध्येही तिसरी पायरी तात्पुरत्या बंदोबस्ताची आणि चौथी कारण शोधण्याची, ती याचसाठी. आपल्याकडे तिसरी झाली की चौथी खुर्चीत बसून लिहिली जाते.

मीटिंग चार-सहा जणांची, वीस मिनिटांची, मशीनपाशी, दोषाचा भाग हातात घेऊन. सर्वांत नवा माणूस आधी बोलेल, सुपरवायझर शेवटी. तो आधी बोलला की बाकीचे 'हो साहेब' म्हणतात आणि बैठक तिथेच संपते. कागद मराठीत भरा. इंग्रजी फॉर्मवर लोकांना येतात तेवढेच शब्द लिहिले जातात, आणि 'नेग्लिजन्स' सगळ्यांना येतो.

रिजेक्शनचे पैसे पगारातून कापत असाल तर यातलं काहीही करू नका. चूक सांगितली की खिसा कापला जातो, हे ठाऊक असलेला माणूस गरम भागाची गोष्ट कशाला सांगेल? कंत्राटी तर नाहीच. महिन्याला माणशी दोन कायझेनचं (छोट्या सुधारणांचं) टार्गेटही तसंच : जमिनीवर पिवळे पट्टे वाढतात, दोष तिथेच राहतात.

'जपानी नाटक' म्हणालात. १९६२ मध्ये जपानात ही सर्कल सुरू झाली ती फोरमन लोकांनी एकत्र बसून अभ्यास करावा म्हणून. पोस्टर आणि बक्षीस समारंभ ही आपली भर.

एक करून बघा. शेवटचे दहा 'निष्काळजीपणा'वाले कागद काढा, त्यातले किती दोष तीन महिन्यांत परत आले ते मोजा, आणि आकडा इथेच खाली टाका.