उत्तूरच्या रस्त्यावरची भाऊबीज

दिवाळी जवळ आली की कुठल्या ना कुठल्या जवानाच्या अंत्ययात्रेचा व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतो, आणि मी तो न उघडताच पुढे जातो. या वर्षी तो आमच्या नातेवाइकांच्याच ग्रुपवर आला, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि दोन दिवसांनी एका भावाने विचारले की सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली, तू एकटाच गप्प का. त्याला तिथे दोन ओळींत उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

२०२० साली पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी, १६ नोव्हेंबरला, सोमवारी आली होती. मार्चपासून घरात कोंडलेले आम्ही आठ महिन्यांनी प्रथमच बाहेर पडलो होतो. चार दिवस तारकर्लीला राहायचे, मुलांना समुद्रात मनसोक्त खेळू द्यायचे, एवढाच बेत होता. एका गाडीत मी, पत्नी, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि बाहत्तर वर्षांची आई. मागच्या गाडीत साडू, मेहुणी आणि त्यांची मुले. आदल्या रात्री कोल्हापुरात मुक्काम केला. राज्यातील देवळे नेमकी त्याच दिवशी उघडत होती, परंतु पासष्टीच्या पुढच्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच थांबावे अशी सूचना असल्यामुळे आम्ही अंबाबाईला महाद्वारातूनच हात जोडले आणि निपाणीच्या दिशेने निघालो. तिथून उत्तूर, आजरा, आंबोली करत सावंतवाडीला उतरायचे होते. डिकीत चकल्या-करंज्यांचे डबे होते, मुलांच्या पोहण्याच्या रबरी कड्या होत्या, आणि आईच्या पिशवीत तिचा स्टीलचा लहान डबा होता, ज्यात नीरांजन, तुपात भिजवलेल्या वाती, कुंकू, अक्षता आणि एक सुपारी एवढेच असते. भाऊबीजेच्या दिवशी आई कुठेही असली तरी तो डबा तिच्याबरोबर असतो.

उत्तूरच्या अलीकडे एका पोलिसाने हात करून गाडी थांबवली. मी काच खाली केली, तेव्हा तो मास्क सरळ करत म्हणाला, "पाव्हणं, जरा कडंला घ्या. पोरगं घरला याय लागलंय."

त्याने पार्थिव म्हटले नाही, शहीद म्हटले नाही. पोरगं म्हटले. माझ्या मुलाने लगेच विचारले, "कोण येतंय बाबा?" आणि मला उत्तर देता आले नाही. उत्तर आईने दिले, कारण तिने आदल्या दोन दिवसांत बातम्यांमध्ये ते नाव ऐकून ठेवले होते.

जवान ऋषिकेश जोंधळे, आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे, वय वीस. १३ नोव्हेंबरला, म्हणजे आपण सगळे धनत्रयोदशीचे दिवे लावत होतो त्या दिवशी, काश्मीरमध्ये गुरेझपासून उरीपर्यंत ताबारेषेवर पाकिस्तानी सैन्याने तोफांचा मारा केला, आणि त्यात त्यांना गुरेझ भागात वीरमरण आले. त्याच दिवशी नागपूर जिल्ह्यातील काटोलचे भूषण सतई हेही गेले. एकाच राज्याच्या दोन टोकांची दोन घरे, आणि दोन्ही घरांत दिवाळीची तयारी झालेली असणार. बहिरेवाडी हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, ते शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचे जन्मगाव म्हणून. माझे वडील शिक्षक होते आणि त्या गावाचा उल्लेख ते आदराने करीत. त्या गावाला माझी पहिली भेट अशी, रस्त्याच्या कडेला थांबून होईल, असे कधी मनात आले नव्हते.

आम्ही खाली उतरलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती, बायका डोक्यावर पदर घेऊन, म्हातारे काठीवर दोन्ही हात ठेवून, मुले दिवाळीच्या नव्या कपड्यांत. एवढी माणसे आणि इतकी शांतता मी त्यापूर्वी एकत्र अनुभवली नव्हती. आमच्या शेजारी एक वृद्ध माजी सैनिक होते, डोक्यावर हिरवी गोल टोपी, साध्या कोटाच्या खिशावर पदकांची पट्टी. झेंडूच्या माळांनी मढवलेली लष्कराची गाडी लांबून दिसली तेव्हा त्यांच्या पुढ्यातल्या एका तरुणाने मोबाइल वर केला. त्या आजोबांनी काही न बोलता आपला हात त्याच्या मनगटावर ठेवला आणि मोबाइल हळूच खाली आणला. रागावले नाहीत, त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग त्यांनी टाचा जुळवल्या आणि सलाम केला. गाडी आमच्यासमोरून जाईपर्यंत त्यांचा तो हात कपाळावरून हलला नाही, फक्त कोपर थरथरत होते.

आईने चपला काढल्या होत्या. नोव्हेंबर असला तरी डांबर तापले होते, आणि ती अनवाणी, एक हात गाडीच्या दारावर टेकवून उभी होती. मुलांनी तिचे पाहून बूट काढले. मग मीही काढले.

गाडी गेली, घोषणा लांबवर ऐकू येत राहिल्या, रस्ता बराच वेळ बंद राहिला. तेव्हा साडू मला म्हणाले, "एवढी आठ महिन्यांनी सुट्टी मिळाली आणि पहिल्याच दिवशी विरस झाला." ते मनाने वाईट नाहीत, मुले गप्प झालेली पाहून त्यांना काळजी वाटत होती, आणि तसे पाहिले तर माझ्याही मनात काही वेळापूर्वी जेवणाला उशीर होईल हाच विचार आलेला होता. तरीही तो शब्द मला लागला आणि आजही लागतो. विरस जेवणाचा होतो, मैफलीचा होतो. वीस वर्षांचा मुलगा भाऊबीजेच्या दिवशी तिरंग्यात गुंडाळून घरी येतो आहे आणि त्याच्यासाठी आपण दीड तास रस्त्यावर उभे आहोत, याला विरस म्हणायचे असेल, तर आपल्या सुट्टीचा रस कशाचा होता, हे आपण स्वतःलाच विचारायला हवे.

आता आईविषयी. तिचा थोरला भाऊ, माझा मामा, १९६५ च्या युद्धात गेला. तेव्हा आई सतरा वर्षांची होती. त्या काळी आघाडीवर पडलेल्या जवानांवर बहुतेक वेळा तिथेच, त्यांच्या पलटणीकडून अंत्यसंस्कार होत. घरी तार यायची, आणि बऱ्याच दिवसांनी सामान. आमच्या आजोळी तार आली ती इंग्रजीत होती. शाळेच्या मास्तरांना बोलावून ती वाचून घेतली गेली, आणि मास्तरांनी ती दोनदा मनात वाचली पण मोठ्याने एकदाच सांगितली, एवढे आईला आठवते. नंतर काळी लोखंडी ट्रंक आली, झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर लिहिलेला. आत एक स्वेटर, दाढीचे सामान आणि आईनेच त्याला पाठवलेली पत्रे.

आजीने त्या ट्रंकेवर कधीच विश्वास ठेवला नाही. "मी त्याला बघितलेलं नाही," एवढेच ती म्हणायची. पुढे कितीतरी वर्षे तो कैदेत असेल, नाव चुकले असेल, असे तिला वाटत राहिले, आणि रात्री दाराची कडी लावताना ती थोडी थांबत असे. जे डोळ्यांनी पाहिले नाही त्याचा शोक करता येत नाही. निदान आमच्या आजीला तो शेवटपर्यंत करता आला नाही.

म्हणून १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी जवानांची पार्थिवे त्यांच्या गावी पोचवण्यास सुरुवात झाली, तेव्हा दूरदर्शनवर ते पाहताना आई म्हणाली होती, "बरं झालं, आता आयांना बघायला तरी मिळेल." हे वाक्य मी त्या वेळी कॉलेजात असताना ऐकले, आणि मला ते कठोर वाटले होते. उत्तूरच्या रस्त्यावर ते मला समजले. जी गोष्ट आमच्या आजीच्या वाट्याला आली नाही ती त्या दिवशी बहिरेवाडीतील एका आईच्या वाट्याला येत होती: मुलाच्या कपाळावर हात ठेवणे, त्याच्या गावच्या मातीत त्याला निरोप देणे. शवपेटीवरचा तिरंगा चितेवर ठेवत नाहीत, त्याची घडी करून तो घरच्यांच्या हाती देतात. ट्रंकेपेक्षा ते कितीतरी अधिक आहे, आणि तरीही ते किती थोडे आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की ते जे थोडे आहे ते त्या घराचे आहे. आपले नाही. बातम्यांच्या वाहिन्यांचे नाही, फलकांवर आपले फोटो छापणाऱ्यांचे नाही, आणि रडणाऱ्या आईच्या चेहऱ्यापर्यंत कॅमेरा नेऊन तो व्हिडिओ आपल्या स्टेटसला ठेवणाऱ्या तुमचे-माझेही नाही. त्या घरात बहीण होती, आणि दिवस भाऊबीजेचा होता. त्या दिवशी तिथे काय घडले हे पुढे ठिकठिकाणी फोटोंसह छापून आले. मी ते इथे पुन्हा लिहिणार नाही. ज्यांनी ते फोटो हजारो वेळा पुढे पाठवले त्यांच्या भावनेवर मला शंका घ्यायची नाही, परंतु त्या मुलीला आयुष्यातली ती सर्वांत कठीण घटका निदान आपल्या माणसांच्या आडोशाने काढता आली असती, तर ते अधिक योग्य झाले असते असे मला मनापासून वाटते. गावाने तिथे असणे वेगळे. गाव त्यांचेच आहे, त्याने त्या मुलाला अंगणात खेळताना पाहिलेले आहे. आपण वाटेतले लोक. वाटेतल्या लोकांनी थांबावे, चपला काढाव्यात, हात रिकामे ठेवावेत आणि वाट द्यावी.

मुलांना असे काही दाखवू नये, त्यांच्या मनावर परिणाम होतो, असेही मला नंतर सांगण्यात आले. परिणाम झाला, हे खरे आहे. आंबोलीचा घाट उतरेपर्यंत माझा मुलगा एक अक्षर बोलला नाही, आणि मग त्याने विचारले की तो दादा ताईपेक्षा कितीने मोठा होता. "सात वर्षांनी," मुलीने उत्तर दिले. तिने तो हिशेब आधीच करून ठेवला होता. मला वाटते, मुलांनी हा हिशेब करायला हवा. ऐन सणाच्या दिवशी करावा लागला तरीही.

संध्याकाळी तारकर्लीच्या किनाऱ्यावर सूर्य बुडाल्यावर आई डबा घेऊन वाळूत आली. ज्यांना भाऊ नाही त्या बहिणी भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. आई १९६५ पासून तेच करीत आली आहे. पण बीजेची कोर फार थोडा वेळ दिसते आणि पश्चिमेलाच दिसते. पुण्यात इमारतींच्या मागे ती बहुतेक वर्षी सापडत नाही, आणि मग आई गच्चीतून अंदाजाने ओवाळते. त्या दिवशी समोर पूर्ण समुद्र मोकळा होता. नातीने कोर शोधून दिली, नखाएवढी, अगदी पुसट. वाऱ्यात वात टिकेना, म्हणून दोन्ही मुले तिच्या दोन बाजूंना ओंजळी धरून उभी राहिली. साडूही आले आणि वाऱ्याच्या बाजूने उभे राहिले. आईने ओवाळले, अक्षता टाकल्या, आणि डबा लगेच बंद न करता तिने पुन्हा एकदा ओवाळले. कोणी काही विचारले नाही.

परतताना शेवटचा मुक्काम आंबोलीत केला आणि २० तारखेला पहाटे निघालो. उत्तूरच्या परिसरात आलो तेव्हा नुकते फटफटले होते. श्रद्धांजलीचे फलक अजून लागलेले होते, त्यांच्या कडा दवाने भिजलेल्या. मी गाडी हळू केली आणि आईला विचारले, थांबायचे का, गावात जाऊन त्या घरी दोन मिनिटे भेटून यायचे का. ती काचेतून बाहेर पाहत होती. "नको," ती म्हणाली. "चार दिवस झाले. आता कुठं त्या बाईला एकटीला रडायला मिळत असंल."

आम्ही पुण्याला पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातीलच निगवे खालसाचे हवालदार संग्राम पाटील राजौरी जिल्ह्यात वीरमरण पावल्याची बातमी आली. २५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही देशांनी ताबारेषेवर गोळीबार थांबवण्याचे मान्य केले, तेव्हा आईने पंचांगाच्या मागच्या पानावर बोटांनी महिने मोजले. तीन महिने आणि काही दिवस.

पण त्या पहाटेचे एक सांगायचे राहिले. फलक मागे पडल्यावर पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेने सात-आठ मुले पळत येत होती, अर्ध्या चड्ड्या, घामाने भिजलेले बनियन, एकाच्या हातात घड्याळ. भरतीची तयारी करणारी मुले. त्या भागात पहाटे कुठल्याही रस्त्यावर दिसतात. सतरा-अठरा वर्षांची असतील. मी दिवे मंद केले आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली, ती सगळी शेजारून पुढे निघून जाईपर्यंत.