चाकोरी सोडू नका

मामाच्या गावाहून परत येऊन आठ दिवस झाले. गाडीच्या मडगार्डखालची लाल माती अजून धुतलेली नाही. एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, ती लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. पोस्ट लांबणार आहे, वेळ असेल तेव्हाच वाचा.

माझं आजोळ गोव्यात, सत्तरी तालुक्यात. वाळपईहून ठाण्याच्या दिशेने निघालं (हे सत्तरीतलं ठाणे, मुंबईजवळचं नव्हे) की रस्ता अरुंद होत जातो, दोन्ही बाजूंनी काजूची झाडं अंगावर येतात आणि मोबाईलची रेंज जाते. त्यापुढचं गाव मामाचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे वाचलंत की कळेल.

या वेळी आम्ही तीन कुटुंबं गेलो होतो. मुलांच्या परीक्षा संपल्या आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून बेळगावमार्गे निघून चोर्ला घाट उतरलो. केरीला अंजुणे धरणाचं पाणी दिसलं तेव्हा मागच्या सीटवरची सगळी पोरं उठून बसली. बरोबरच्या दोघांकडे नव्याकोऱ्या फोर बाय फोर गाड्या. समुद्र दोन दिवस, आणि मधले तीन दिवस गावागावांतून, रानातून गाडी घालायची, असा बेत पुण्यातच ठरला होता. "चाकोरीबाहेरचा गोवा बघायचा," हे वाक्य प्रवासात दहा वेळा तरी झालं असेल. मीही ते म्हटलं.

मामाकडे जुनी जीप आहे, माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. तिच्यातून सुपारी वाळपईला जाते, काजूबिया जातात, चतुर्थीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या छताचं) सामान येतं आणि रात्री-अपरात्री कुणाला बरं नसलं तर दवाखान्यातही तीच नेते. मामाने पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना बसवून एक अट घातली. पुढे त्याची जीप, मागे आमच्या गाड्या, आणि त्याची चाकं गेली तिथूनच आपली चाकं न्यायची. एक वीतही इकडे-तिकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला ओहोळ आला. पाणी पोटरीइतकंच दिसत होतं. मामा उतरला, लेंगा वर खोचला, हातात काठी घेऊन पलीकडच्या काठापर्यंत चालत गेला आणि तसाच परत आला. येताना दोन ठिकाणी काठी टेकवून बघितली. मग जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने फिरवून लॉक केले, खालचा गिअर टाकला आणि गाडी पाण्यात घातली. मध्ये गिअर बदलला नाही, ॲक्सिलरेटर सोडला नाही, घाईही केली नाही. पलीकडे चढल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलकेच दाबला, कारण ओला ब्रेक उतारावर धरत नाही. माझी लेक विचारत होती, रोजचा ओहोळ आहे तर काठी कशाला? मामा कोकणीत म्हणाला, "पयलीं पळय, मागीर गाडी घाल." आधी बघ, मग गाडी घाल. काल रात्री वर पाऊस झाला असेल, एखादा धोंडा सरकला असेल. पाणी रोजचं असलं तरी त्याचा तळ रोजचा नसतो.

त्या दिवशी आम्ही जे पाहिलं ते मी जन्मभर विसरणार नाही. एका मांगरापाशी (बागेतल्या खोपटापाशी) काजूची बोंडं तुडवायचं काम चालू होतं. कोळंबी म्हणजे इथे मासळी नव्हे, बोंडं तुडवायचं दगडी कुंड. एक म्हातारे आजोबा पाय धुऊन कुंडात उतरले होते आणि पिवळ्या-लाल बोंडांवर एका लयीत पावलं टाकत होते. चोथ्याचा ढीग करून वेलाने बांधला, वर दगड ठेवला, की खालून निथळतो तो नीरो. पोरांना ताजा, थंड, गोड नीरो पेलाभर मिळाला. बाजूला दारू गाळायची भाटी लागली होती. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा भाटीवर चढवला की फेणी. 2009 साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या असल्या मांगरांमधल्या हातापायांच्या कामाला मिळालं, असं मला तिथे उभं राहून वाटलं. आजोबांनी पैसे घेतले नाहीत. निघताना लेकीच्या ओंजळीत भाजलेल्या बिया घातल्या.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

तिसऱ्या ओहोळापाशी मामाची जीप पुढे निघून वळणाआड गेली. आमच्यातल्या एका गाडीने ओहोळ सरळ ओलांडायच्या ऐवजी पाण्यातूनच वरच्या अंगाला पन्नासएक पावलं गाडी नेली. व्हिडिओ चांगला यावा म्हणून. चाकं फिरली, पाण्याचे फवारे उडाले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसत होते, हे लपवणार नाही.

खालच्या अंगाला, वळणाच्या पलीकडे, दोन बायका पाणी भरत होत्या. ओहोळाच्या कडेला दगड रचून केलेली लहानशी कोंड, तिच्यात कळशी बुडवायची. आम्ही चालत तिथे पोचलो तेव्हा लाल गढूळ पाणी कोंडीत येऊन भरलं होतं. एकीने अर्धी भरलेली कळशी ओतून दिली होती. तिने आमच्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. डोक्यावरची चुंबळ काढून गुडघ्यावर ठेवली आणि दगडावर बसून राहिली. मी माफी मागितली तर म्हणाली, "निवळूं दी मगो, मागीर भरतां." निवळू दे, मग भरते. पाणी निवळायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास आम्ही तिथेच थांबलो. निघून जाणं कुणालाच जमलं नाही. उन्हाचा कडाका होता, घरी तिचं दोन वर्षांचं नातवंड होतं, आणि ती शांतपणे पाण्याकडे बघत बसली होती.

मामा परत आला. चिडला नाही, पण त्या संध्याकाळी जेवताना एक शब्द बोलला नाही. माझ्या आठवणीत तो असा गप्प फक्त आजोबा गेले तेव्हा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला सड्यावर नेलं. पायी. ज्यांनी कोकण-गोव्याचा सडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: डोंगराचा माथा सपाट, जांभ्या दगडाचा, वर माती जेमतेम चार बोटं. उन्हाळ्यात तिथे काहीच नाही असं वाटतं. काळा पडलेला कातळ, वाळलेलं गवत. पावसात हाच सडा सीतेच्या आसवांनी निळा-जांभळा होतो, किडे खाणारा दवबिंदू कातळाच्या भेगांतून उगवतो, डबक्याडबक्यांत बेडकांची पिल्लं वळवळतात. आणि जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी तो आत घेतो आणि हळूहळू पायथ्याशी झरीतून सोडतो. खाली कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) पाट जातो तो या झरीचा. कालची कोंडही तिचीच.

सड्याच्या मधोमध चाकांच्या खुणा होत्या. गेल्या श्रावणात कुणीतरी दहा-बारा गाड्यांचा ताफा भर पावसात वर चढवला होता, पैसे घेऊन, बाहेरच्या लोकांना 'साहस' दाखवायला. गावात कुणाला विचारलं नव्हतं. ओल्या मातीत चाकं रुतली, फिरली, आणि चार बोटं माती कातळापर्यंत खरवडून निघाली. आता त्या खुणा विटेसारख्या भाजून घट्ट झाल्या आहेत. माझ्या लेकीने एका खुणेत पाऊल ठेवलं, घोट्यापर्यंत आत गेलं. सगळ्या सड्यावर पसरून मुरणारं पाणी त्यानंतर या दोन रेघांतून ओढ्यासारखं धावत गेलं आणि खालच्या एका कुळागराचा बांध त्याच पावसात दोनदा फुटला. बांध घालणाऱ्या घरात कर्ता माणूस एकच आहे.

चाकोरी या शब्दाचा अर्थ आपण विसरलो आहोत. चाकाने पाडलेली रेघ. बैलगाडीची चाकं पिढ्यान् पिढ्या एकाच रेघेतून गेली म्हणून बाजूचं शेत, बाजूचं रान, बाजूचा पाट शाबूत राहिला. आपण शहरात बसून चाकोरी म्हणजे काहीतरी कंटाळवाणं, मोडून टाकायचं असं समजतो. मामाच्या गावात चाकोरी ही सगळ्यांनी मिळून पाळलेली शिस्त आहे. तिच्यातून जाताना थरार कमी होतो असं ज्याला वाटतं त्याने एकदा मामाच्या मागे बसून रिव्हे गावाच्या बाजूचा उतार उतरून बघावा.

मला गाड्या रानात नेण्याला विरोध नाही, हे स्पष्ट लिहिते. दूधसागरला जायला कुळ्याहून जीप लागतेच. सात-सात माणसं, लाईफ जॅकेट, ओढे ओलांडत भगवान महावीर अभयारण्यातून जाणारी ठरलेली वाट, आणि स्टिअरिंगवर तिथलाच माणूस. पावसात ती वाट बंद असते. 310 मीटरांवरून कोसळणारं पाणी लाखो लोकांनी असं पाहिलं आणि त्या जीपांवर कितीतरी घरं चालतात. सत्तरीतही हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. खाणी बंद पडल्यावर ज्या पोरांचे टिप्पर दारात उभे राहिले, त्यांच्या हाताला काम हवंच आहे. पण ते काम त्यांच्या हातात, त्यांच्या वाटेने. बाहेरून ताफे आणून, गावाला धूळ आणि गढूळ पाणी ठेवून निघून जाणं याला पर्यटन म्हणू नका.

आणि हे नुसतं गावही नाही. म्हादई अभयारण्य 1999 साली झालं, लेफ्टनंट जनरल जेकब गोव्याचे राज्यपाल असताना. सुमारे 208 चौरस किलोमीटर. त्याच्या आत आणि कडेला माणसं राहतात, त्यांच्या काजूच्या बागा आहेत, वनखात्याशी त्यांचे वाद आहेत, आणि त्यातले कितीतरी वाद खरे आहेत. मामाचाही आहे. तरी याच रानात 2020 च्या जानेवारीत गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले, आणि 2023 च्या मार्चमध्ये दिवसेंदिवस डोंगर जळत होते. इतकं सगळं सोसलेल्या रानात आपण सुट्टी घालवायला येतो. परवानगी काढणं, नाक्यावर नाव लिहिणं, यात कुरकुर करण्यासारखं काय आहे? आमच्यातल्या एकाने केली, म्हणून लिहिते.

शेवटच्या दिवशी मामा आम्हाला बांबरजवळच्या निरंकाराच्या रायीत, म्हणजे देवराईत, घेऊन गेला. गाड्या बऱ्याच अलीकडे लावल्या. जायफळाच्या कुळातली ती झाडं दलदलीत उभी असतात आणि त्यांची मुळं दुमडलेल्या गुडघ्यांसारखी चिखलातून वर आलेली असतात. मामाने चपला काढल्या, आम्हीही काढल्या. पोरं आपोआप हळू बोलायला लागली. ज्या गाडीने ओहोळ ढवळला होता तिचा मालक बराच वेळ एका झाडापाशी उभा होता. परतताना त्याने मामाला विचारलं, बांध पुन्हा घालायचा तर दगड कुठून आणायचे. दुपारी दोघं जीप घेऊन गेले आणि अंधार पडल्यावर आले. दोघांचे हात सोललेले होते. मामीने खोबरेल तेल गरम करून दिलं.

गावाचं नाव मी का लिहिलं नाही ते आता कळलं असेल. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी वाळपईच्या बाजारात चौकशी करावी, तिथलीच जीप ठरवावी, आणि तिथल्या माणसाला स्टिअरिंगवर बसवून आपण बाजूला बसावं. जेवण गावातल्या घरी सांगावं, आदल्या दिवशी. भरपूर पाणी स्वतःचं न्यावं.

आम्ही तिन्ही कुटुंबांनी श्रावणातली सुट्टी आत्ताच टाकली आहे. मामा म्हणतो, गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस सड्यावर फुलांचे. पहाटे पायी चढायचं, छत्र्या घेऊन. गाड्या मामाच्या मांगराजवळ राहतील.