माउंटवर नुसतं बसून राहणं म्हणजे ताबा नव्हे

ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या झटापटीच्या खेळात माउंट म्हणजे पाठीवर पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या धडावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणं. हा खेळ शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: ‘माउंट मिळाला की घट्ट बसा. हल्ला केला की जागा सुटते. तगड्या माणसावर तर वरून काही लागतच नाही. आधी पोझिशन, मग सबमिशन.’ शेवटचं वाक्य खरं आहे: आधी पक्की जागा, मग हार मानायला लावणारा डाव. बाकीची चुकीची आहेत, आणि त्यापायी नवशिक्यांचा किती सराव वाया जातो हे पाहून वाईट वाटतं.

आधी ‘घट्ट बसा’ घेऊ. खालचा माणूस सुटतो कसा? एक तर तुमचा हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवून तो ब्रिज मारतो, म्हणजे कंबर जोरात वर उचलून तुम्हाला उलटवतो, नाहीतर कोपराने तुमचा गुडघा ढकलून हाफ गार्डमध्ये येतो, म्हणजे तुमचा एक पाय आपल्या पायांत अडकवतो. दोन्हीसाठी त्याचे हात मोकळे लागतात. तुम्ही कमरेवर नुसते बसलात, तर ते मोकळे हात तुम्हीच त्याला दिलेत.

आता एक हात त्याच्या पोशाखाच्या कॉलरमध्ये घाला, चार बोटं आत, पार मानेच्या मागेपर्यंत. दुसरा हात मॅटवर टेकायला मोकळा ठेवा. गळा वाचवायला त्याचे दोन्ही हात वर येतात, कोपरं बरगड्यांपासून सुटतात आणि तुमचे गुडघे त्याच्या काखेत सरकतात. तुमचं वजन आता त्याच्या कमरेवर नाही, त्यामुळे ब्रिजचा जोर तुमच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे हल्ल्यानेच जागा पक्की झाली.

‘जागा सुटते’ यात तथ्य आहे ते आर्मबारपुरतं, म्हणजे कोपराचा सांधा उलटा ताणण्याच्या डावापुरतं. त्याचं कोपर छातीला चिकटलेलं असताना घाईने मागे पडलात, तर हात निसटतो आणि तो तुमच्या वर येतो. पण ही चूक क्रमाची आहे. कॉलर चोकमध्ये, म्हणजे कॉलरने गळा आवळताना, तुम्ही वरून हलतच नाही. त्याने जीव वाचवायला कूस बदलली, तर त्याची पाठ मिळते. सीटबेल्ट धरा (एक हात त्याच्या खांद्यावरून, दुसरा काखेतून), हुक लावा (पाय त्याच्या मांड्यांच्या आत अडकवा).

कुस्तीतून आलेल्यांना ‘बसून राहा’ चटकन पटतं. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. इथे पाठ टेकलेला माणूस हरलेला नसतो. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत 3 सेकंद ताबा ठेवला की माउंटचे 4 गुण मिळतात. पुढे मिनिटभर बसून राहिलात तरी पाचवा मिळत नाही.

राहिला तगडा माणूस. जिउ-जित्सूपटू रॉजर ग्रेसीने 2009 च्या जागतिक स्पर्धेत आपला वजनगट आणि खुला (वजनाची अट नसलेला) गट दोन्ही जिंकले, तेही प्रत्येक लढत सबमिशनने संपवून, बहुतेकदा माउंटवरच्या याच कॉलर चोकने, ज्याला क्रॉस चोक म्हणतात. समोर सगळे ब्लॅक बेल्ट होते. काय येणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांना टॅप करावा लागला, म्हणजे थोपटून हार मानावी लागली.