केळी, टोपणनावं आणि तो फॉरवर्ड

दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर परवा परत तो मेसेज आला, तुमच्याकडे पण आलाच असेल. "आम्हाला पण शाळेत चिडवायचे, मारायचे, टोपणनावं ठेवायचे, आमच्यापैकी कोणी डिप्रेशनमधी गेलं नाही. तापल्याशिवाय केळी पिकत नाही. आजकालची पोरं नाजूक. विसरा आणि पुढं चला, नाहीतर एक ठेवून द्या." खाली सतरा अंगठे. मी पण आधी सोडून दिलं, पण रात्री झोप येईना म्हणून लिहितोय.

आधी केळीचं घेऊ, कारण लिहिणाऱ्याने रावेर-यावलकडची बाग पाहिलेली दिसत नाही. मे मधी पारा ४५ च्या वर गेला की केळी पिकत नाही भो, पानं करपतात, घड सटकतो. म्हणून तर बांधाला शेवरी नाहीतर गजराज गवत लावतात, घडाला पिशवी घालतात. आणि पिकवतात कुठं तर थंड रायपनिंग चेंबरमधी.

"आमच्यापैकी कोणी गेलं नाही." ग्रुपवर कोण आहे पण? जे टिकले ते. नववीत शाळा सोडून गेलेला तो जाडा पोरगा, ज्याचा डबा रोज ग्राउंडवर उडायचा, त्याचा नंबर आहे का कोणाकडे? मी दोघातिघांना विचारलं, नाही.

"आजकालची पोरं नाजूक." ब्रिटनमधी १९५८ च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या पोरांची माहिती वर्षानुवर्षं ठेवलेली आहे. ती ७ आणि ११ वर्षांची असताना आईबापांना विचारलं होतं, पोराला बाकीची पोरं त्रास देतात का. अशा ७,७७१ जणांवरचा अभ्यास २०१४ ला छापून आला. ज्यांना सारखा त्रास झाला होता त्यांच्यात चाळिशी-पन्नाशीत पण डिप्रेशन, घाबरणं, जीव नकोसा वाटणं बाकीच्यांपेक्षा जास्त निघालं, घरची गरिबी, पोराची हुशारी हे सगळं हिशोबात धरून. सगळ्यांचंच तसं झालं असं नाही. पण १९५८ चे म्हणजे आपल्या बापाच्या वयाचे लोक, ते पण नाजूकच का?

टोपणनावाचं म्हणाल तर दोस्त मला बुटक्या म्हणायचा, मी त्याला डावऱ्या, हिशोब बरोबर. जिथं एकच जण रोज ऐकतो, वीस जण हसतात आणि त्याला उलटं बोलताच येत नाही, तिथं गंमत कुठं राहिली.

आता "विसरा." आठवीत अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातून शहरातल्या शाळेत आलो, पहिल्याच आठवड्यात सरांनी वही मागितली, मी उभा राहून म्हटलं, "सर, वही घर ऱ्हाई गयी." घरी तसंच, अहिराणीत बोलायचो ना. वर्ग फुटला हसून, सर पण हसले, आणि त्या दिवसापासून दहावी होईपर्यंत माझं नाव 'ऱ्हाई गयी'. हजेरीला, खो-खोला, मुलींसमोर, सायकल स्टँडवर. आज चाळिशीत आलोय, जळगावला बरी नोकरी आहे, पण मीटिंगमधी बोलायच्या आधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघतो, आणि मागं कोणी हसलं की कान गरम होतात, ते दुसऱ्याच कशाला हसत असले तरी. आई फोनवर विचारते, "जेवना का रे?" मी म्हणतो, "हो, जेवलो." आईशी अहिराणी बोलायची पण लाज वाटते, वीस-पंचवीस वर्षं झाली. माझ्या पोराला तर अहिराणी येतच नाही, कारण मीच कधी त्याच्यासमोर बोललो नाही. विसरायचं म्हणजे नेमकं काय विसरायचं सांगा बरं.

आणि "एक ठेवून द्या" हा सल्ला मी पाळलेला आहे. नववीत एका पाचवीच्या पोराला धरून धुतलं, त्याने काही केलं नव्हतं, फक्त तो माझ्याहून बारीक होता. अमेरिकेत १,४२० पोरांचा असाच लांबचा अभ्यास झाला, २०१३ चा, त्यात पुढं सगळ्यात जास्त हाल कोणाचे, तर ज्यांनी मार खाल्ला आणि दुसऱ्यालाही दिला त्यांचे. मला वाचून नवल वाटलं नाही.

मेसेज टाकणाऱ्यावर राग नाही, तो चांगला माणूस आहे, माझ्या बापाच्या वेळी दवाखान्यात रात्रभर बसला होता. गेट-टुगेदरला मी येतोय, वर्गणी पण पाठवली. फक्त बॅनरवर नावापुढं कंसात टोपणनावं छापायचं चाललंय ना, तेवढं माझं छापू नका.