रिव्ह्यूला उत्तर: ३ दिवस कुठे गेले

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. डेटाबेस चालू करायला आम्ही ३ दिवस लावले, तरी शेवटच्या संध्याकाळची बिलं आलीच नाहीत, आणि ओळखीतला मुलगा म्हणे हेच १० मिनिटांत करतो, म्हणून एक स्टार.

आधी आमची चूक. दुसऱ्या दिवशी तुम्ही चारदा फोन केला आणि दर वेळी "होतंय सर, चालूए काम" एवढंच सांगितलं गेलं. काय सापडलंय ते तेव्हाच सांगायला हवं होतं, सॉरी.

आता त्या १० मिनिटांचं. मशीन आमच्याकडे आलं तेव्हा कॉन्फिगमध्ये इनोडीबी (मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचा डेटा साठवणारा भाग) फोर्स रिकव्हरी, म्हणजे बिघडलेला डेटाबेस जबरदस्तीने उठवायची १ ते ६ ची सेटिंग, जितकी वर तितकी धोक्याची, ती थेट ६ वर होती आणि लॉगफाईली डिलीट केलेल्या, म्हणजे तो १० मिनिटांचा प्रयोग आधीच कोणीतरी करून बसलं होतं (हे रिव्ह्यूत नाहीये, असो). लाईट गेली तेव्हा ज्या एंट्र्या कमिट (पक्क्या नोंद) झाल्या पण मेन फाईलमध्ये उतरायच्या राहिल्या त्या त्याच लॉगमध्ये असतात, मायएसक्यूएल पुन्हा उठताना तिथूनच उचलतं, ते लॉगच नाहीत तर ती बिलं आम्ही आणायची कुठून? आणि ६ वर सर्व्हर उठला असता तरी ४ आणि त्याच्या वर इनोडीबी रीड ओन्ली असतं, नवीन बिल एकही सेव्ह होत नाही.

पहिली रात्र नुसती कॉपीत गेली, डिस्कला बॅड सेक्टर (न वाचता येणारे खराब भाग), ओरिजिनलला हात लावायचा नव्हता. मग कॉपीवर तीच सेटिंग १, २, ३ करत शेवटी ४ वर उठला. बाकी टेबलं डंप झाली (डेटा बाहेर काढून झाला), स्टॉकचं काही निघेना, दर वेळी एकाच जागी सर्व्हर आडवा आणि एरर लॉगमध्ये तीच ओळ, डेटाबेस पेज करप्शन ऑन डिस्क, म्हणजे डिस्कवर डेटाचं एक पान (पेज) खराब. मग आयडीच्या रेंज लावून खराब पेजच्या अलीकडचं वरून खाली काढलं, पलीकडचं खालून वर, मध्ये जे गेलं ते तुमच्या जुन्या बॅकअपमधून भरलं. तो बॅकअपही त्याच डिस्कवर ठेवलेला, नशीब तेवढा भाग वाचला होता!

त्या संध्याकाळच्या बिलांच्या छापील कॉप्या असतील तर आणून द्या, आमचा माणूस बसून एंट्री करेल, चार्ज नाही. आणि जुनी डिस्क इथेच पाकिटात आहे, घेऊन जा, फक्त परत मशीनला लावू नका.