गोळी दह्याबरोबर घेऊ नका: फिरत्या मेसेजला उत्तर

"इम्युनिटी आतड्यातच तयार होते, म्हणून रोज दोन वाट्या दही खा. अँटिबायोटिकची गोळी दह्यासोबत घ्या, पोट बिघडत नाही. जुलाब लागले तर पाकिटाचं पाणी कशाला, दहीभात द्या. दही जितकं जुनं तितकं गुणी. त्यातले प्रोबायोटिक आतड्यात कायमचं घर करतात." हा मेसेज सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या आत्यांनी तो वाचून लघवीच्या इन्फेक्शनसाठी दिलेली सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी तीन दिवस दह्याच्या वाटीबरोबर घेतली. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी गोळीचंच बोलू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथं आहे. दह्यातलं कॅल्शियम सिप्रोफ्लॉक्सासिनला पोटातच धरून ठेवतं. दोन्ही मिळून जे बनतं ते आतड्याच्या भिंतीतून रक्तात नीट उतरत नाही. निरोगी माणसांना ५०० मिलिग्रॅमची गोळी दह्याबरोबर देऊन पाहिली, तेव्हा रक्तात पोचणारं औषध सुमारे एक तृतीयांशानं घटलं. म्हणजे गोळी पोटात गेली, पैसे गेले, आणि जंतूंना मिळाला अर्धवट मार. तो खाऊन जे जंतू वाचतात तेच पुढं औषधाला दाद देत नाहीत. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांचंही असंच होतं. अमॉक्सिसिलिनला मात्र दह्याची अडचण नाही, त्यामुळं आपली गोळी कुठली हे औषधाच्या दुकानात विचारून घ्या.

दही सोडायची गरज नाही, वेळ सांभाळायची आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन दह्याआधी किमान २ तास किंवा दह्यानंतर ६ तासांनी घ्यायचं. सकाळी ८ आणि रात्री ८ ला गोळी असेल तर दही दुपारी १ च्या जेवणात खा. संध्याकाळचं ताक तेवढे दिवस बंद. दूध आणि कॅल्शियमच्या गोळीलाही हाच नियम.

मेसेजमधला एक धागा खरा आहे, तो मान्य करायला हवा. अँटिबायोटिकनं होणारे जुलाब काही ठरावीक प्रोबायोटिकांनी कमी होतात. पण ते ठरलेल्या वाणाचे, मोजलेल्या मात्रेतले जंतू असतात. प्रोबायोटिकची २००१ सालची एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न संघटना) आणि डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) यांची व्याख्याच तशी आहे: जिवंत जंतू, पुरेशा प्रमाणात, आणि त्यांचा आरोग्याला फायदा व्हायला हवा. आपल्या घरच्या विरजणात कुठले जंतू आहेत हे कुणी तपासलेलं नसतं, शेजारच्या घरात ते वेगळे असतात. चांगलं अन्न म्हणून दही जरूर खा. त्याला औषध म्हणू नका.

जुलाबाचा मुद्दा लहान मुलांच्या जिवाशी खेळणारा आहे. मेसेजमधलं "पाकिटाचं पाणी" म्हणजे ओआरएस. त्याच्या १ लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ग्लुकोजच्या जोडीनं सोडियम आत ओढलं जातं आणि त्यामागून पाणी येतं. दहीभातात हे माप नसतं. भूक असेल तर दहीभात द्या, पण ओआरएस चालू ठेवून, आणि झिंक १४ दिवस. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दही अजिबात नाही. त्याला आईचं दूध चालू ठेवा, ओआरएस आणि झिंक डॉक्टर सांगतील तसं.

"घर करतात" हे तर साफ चूक. दह्यातले बरेच जंतू जठरातल्या आम्लात मरतात. उरलेले वाटसरू असतात, दही थांबवलं की काही दिवसांत दिसेनासे होतात. मात्र जाता जाता ते काम करतात. लहान आतड्यात पायर्स पॅचेस नावाचे ठिपके असतात. तिथल्या पेशी या जंतूंचे नमुने उचलून आतल्या संरक्षक पेशींना दाखवतात. त्यातून आयजीए नावाची अँटिबॉडी, म्हणजे जंतूंना अडवणारं प्रथिन, आतड्याच्या अस्तरावर पाझरते.

आंबवलेल्या पदार्थांचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा एक चांगला पुरावा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा, २०२१ चा. निरोगी प्रौढांच्या एका गटानं १० आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले. आतड्यातल्या जंतूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातली दाह (शरीरातली सूज) दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. पण ते दिवसाला सरासरी सहा वाढप (एका वेळी वाढून घ्यायचा भाग) खात होते, आणि त्यात दह्याबरोबर केफिर (आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेली भाजी), कोम्बुचा (आंबवलेला चहा) असं बरंच काही होतं. अभ्यासात भाग घेणारे सगळे मिळून ३६ जण. सगळं श्रेय दोन वाट्या दह्याला देता येत नाही. शिवाय इथं दाह कमी झाला. "इम्युनिटी वाढली" असं कुणी म्हटलेलं नाही.

"जुनं तितकं गुणी"? उलट. आंबटपणा वाढत गेला की जंतू मरायला लागतात. कढी उकळलीत तर उरलेलेही संपले. ताजं लावा: दूध उकळून बोट सोसवेल इतकं, ४० ते ४३ अंशांवर आणा, लिटरला एक मोठा चमचा विरजण फेटून घाला आणि भांडं हलवू नका. एप्रिलमध्ये सांगलीत चार-पाच तासांत लागतं. साताऱ्याच्या थंडीत गोधडीत गुंडाळून रात्रभर ठेवा. दूध फार कोमट राहिलं तर तार सुटते, फार गरम असलं तर विरजणच मरतं. वर रंगीत बुरशी दिसली तर सगळं फेकून द्या. नुसती साय काढून खाऊ नका. किमोथेरपीनं पांढऱ्या पेशी घटलेल्या माणसाला घरचं दही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आणि ज्यांनी गोळ्या दह्याबरोबर घेऊन झाल्यात त्यांनी मनानं दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. ज्यांनी औषध दिलं त्यांना हे सांगा. जळजळ किंवा ताप राहिला असेल तर लघवीचं कल्चर (त्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) करायचं का, ते विचारा.